काटा सगळ्यात शेवटी बसवा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही डेन्व्हरजवळ राहता. 1971 ची शेवरोले सी-10 पिकअप घेतलीय, 350 घनइंचांचं व्ही-8 इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, आणि आधीच्या मालकाने ऑल्टरनेटर बदललेला. डॅशवर स्पीडोमीटर आणि पेट्रोलचा काटा सोडला तर बाकी नुसते लाल दिवे. उन्हाळ्यात मागे छोटा ट्रेलर लावून डोंगरात जायचंय, म्हणून ऑइल प्रेशर, टेंपरेचर, चार्जिंग आणि जमलं तर आरपीएमचा काटा हवाय. तीन काट्यांचा एक संच घेऊनही ठेवलाय. आता डॅशला भोकं पाडू का, सुरुवात कुठून करू आणि डॅशवरचं सगळं बदललं तर मैलांच्या आकड्याचं काय, असं विचारताय. मित्राच्या फोर्ड ट्रकच्या काट्यांबद्दलही विचारलंय.

भोकं पाडू नका. त्या डॅशचा पत्रा आज पन्नास वर्षांहून जुना आहे, एकदा कापलात की परत येणार नाही. आणि सुरुवात काट्यापासून तर मुळीच करू नका. मी गेली पंचवीस वर्षं मिशिगनमध्ये हौसेने हे जुने ट्रक उघडतोय. ‘काटा बिघडलाय’ म्हणून आलेल्या दहातल्या आठ गाड्यांमध्ये काटा धडधाकट असतो. बिघाड असतो वायरीच्या दुसऱ्या टोकाला, सेंडरमध्ये (इंजिनावर किंवा टाकीत बसून काट्याला माप पाठवणारा भाग), नाहीतर अर्थिंगमध्ये. म्हणून काम इंजिनाकडून डॅशकडे करत यायचं. काटा सगळ्यात शेवटी.

आधी एक फुकटातलं काम करा. ग्लोव्हबॉक्स उघडून झाकणाच्या आतल्या बाजूला कागदी स्टिकर शिल्लक आहे का बघा. कारखान्यातून गाडीला कुठले जादा पर्याय लागले होते त्यांचे कोड त्यावर छापलेले असतात. झेड53 दिसला तर गाडी मुळात काट्यांची होती, यू16 म्हणजे टॅकोमीटर, आरपीएमचा काटा. झेड53 छापलंय आणि डॅशवर दिवे आहेत, असं निघालं तर मधल्या कुणीतरी क्लस्टर, म्हणजे डॅशवरची काट्या-दिव्यांची अख्खी पाटी, बदललाय आणि काट्यांची वायरिंग अजून बोनेटखाली गुंडाळून पडलेली असू शकते. माझ्याकडे आलेल्या एका ट्रकमध्ये असंच झालं होतं. मालक नवी हार्नेस (वायरींचा जुडगा) मागवायला निघाला होता आणि जुनी हार्नेस टेप गुंडाळून फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, टांगलेली होती.

कोड नसेल, म्हणजे गाडी दिव्यांचीच असेल, तर दोन रस्ते. एक म्हणजे मूळ काट्यांचा क्लस्टर, जुना किंवा नव्याने बनवलेला, दिव्यांच्या क्लस्टरच्या जागी टाकायचा. दुसरा म्हणजे तुम्ही घेतलेला संच डॅशच्या खालच्या कडेला पट्टीवर लटकवायचा. पैसे आणि धीर दोन्ही असतील तर मी पहिला निवडेन, कारण नजर रस्त्यावरून फार खाली न्यावी लागत नाही आणि ट्रक दिसायला मूळचा राहतो. पण पट्टीत कमीपणा काही नाही. ती लावायला डॅशच्या खालच्या कडेचे आहेत तेच स्क्रू वापरा, नवं भोक पाडू नका. उद्या क्लस्टर घेतलात तर पट्टी काढून ठेवता येते.

पहिला रस्ता घेतलात तर एक गोष्ट लोक हमखास विसरतात. दिव्यांच्या क्लस्टरच्या मागचं प्रिंटेड सर्किट आणि काट्यांच्या क्लस्टरचं प्रिंटेड सर्किट वेगळं असतं. अँमीटरला (करंट मोजणारा काटा) दोन जादा वायरी लागतात, त्या दिव्यांच्या हार्नेसमध्ये नसतातच. आणि इंजिनावर जी युनिटं आहेत ती दिव्यांसाठीची, म्हणजे नुसते स्विच आहेत. बंद किंवा चालू, मधलं काही नाही. काट्यांचा क्लस्टर टाकून टेंपरेचरचा जुना स्विच तसाच ठेवलात तर काटा दिवसभर ‘थंड’वर झोपून राहील आणि इंजिन उकळायला लागलं की एकदम टोकाला उडी मारेल. म्हणजे तुम्ही भरपूर पैसे खर्चून तोच लाल दिवा परत विकत घेतलात.

आता सेंडर. सेंडर म्हणजे बहुतेक वेळा एक बदलता रेझिस्टन्स, आणि प्रत्येक काटा ठरावीक रेझिस्टन्सच्या पट्ट्यासाठीच बनवलेला असतो. जनरल मोटर्सच्या, म्हणजे शेवरोलेच्या मूळ कंपनीच्या, 1965 पासूनच्या पेट्रोलच्या काट्याला टाकी रिकामी असताना शून्य ओम आणि भरलेली असताना 90 ओम लागतात. त्याआधी 30 होते. फोर्डमध्ये उलटं, रिकामी असताना साधारण 73 आणि भरल्यावर 10. बाजारात मिळणारे ‘सगळ्यांना चालणारे’ काटे बहुधा 240 ते 33 चे. म्हणून तुमच्या संचातला काटा आणि इंजिनावरचं जुनं युनिट यांची जोडी लावायचा मोह टाळा. ज्या कंपनीचा काटा, त्याच कंपनीने त्याच काट्यासाठी दिलेला सेंडर. पेट्रोलचा मूळ काटा चालू असेल तर त्याला हात लावू नका. तुमच्या ट्रकची टाकी केबिनमध्येच, सीटच्या मागे आहे (1973 च्या नव्या बांधणीत ती बाहेर, चासीवर गेली). तिथला सेंडर काढायचा म्हणजे सीट काढा, वास सहन करा, ठिणगीची भीती बाळगा. एवढं माहीत असू द्या की जनरल मोटर्सच्या पेट्रोलच्या काट्याची वायर तुटली तर तो ‘फुल’च्याही पलीकडे जातो आणि वायर बॉडीला टेकली तर ‘रिकामी’वर पडतो. काटा फुलच्या पुढे अडकलेला दिसला की आधी सेंडरची अर्थ वायर बघायची, टाकी उतरवायच्या आधी.

ऑइल प्रेशरचा सेंडर 350 मध्ये इंजिनच्या मागच्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरशेजारी बसतो. तिथे सध्या दिव्याचा स्विच आहे. तो काढून फेकू नका. पितळेचा टी (तीन तोंडांचा जोड) बसवून एका तोंडाला जुना स्विच ठेवा, दुसऱ्याला नवा सेंडर. दिवा आणि काटा दोन्ही असू द्या, हे माझं ठाम मत. काटा वाचायला माणसाने बघावं लागतं, दिवा स्वतःहून डोळ्यात घुसतो. त्याच्या उलट, दिवा लागतो तेव्हा प्रेशर जवळपास संपलेलं असतं, आणि काटा मात्र महिनाभर आधी सांगत असतो की गरम इंजिनात आयडलला पूर्वी 25 पीएसआय (प्रेशरचं माप) असायचं ते आता 15 वर आलंय. फक्त टी लांब नळीवर टांगून वर जड सेंडर लावू नका. इंजिनच्या थरथरीने नळी आट्यांपाशी चिरते आणि ऑइल गरम एक्झॉस्टवर उडतं. जागा अडचणीची असेल तर प्रेशरला चालणारा छोटा लवचीक होज घेऊन सेंडर फायरवॉलवर क्लॅम्प करा आणि त्याच्या बॉडीला वेगळी अर्थ वायर द्या.

अर्थ वायरीचं का बोलतोय? एका वायरीच्या सेंडरला परतीचा रस्ता त्याच्या आट्यांतूनच असतो. ऑइल गळू नये म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळगुंडाळ गुंडाळली की काटा उगाच कमी-जास्त दाखवायला लागतो. हे आटे निमुळते असतात, स्वतःच घट्ट बसतात. लावायचंच तर आट्यांचं द्रव सीलंट थोडंसं, पहिले दोन आटे कोरडे सोडून.

मेकॅनिकल प्रेशर गेजबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण दुकानदार सुचवेल. त्यात वायर नसते, गरम ऑइलच बारीक नळीतून थेट डॅशपर्यंत येतं. वाचन अचूक, बसवायला सोपं, स्वस्तही. मी माझ्या पहिल्या ट्रकला हाच लावला होता, नायलॉनची नळी वापरून. एक दिवस ती क्लिपमधून सुटून एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टेकली. हायवेवर होतो. उजवा बूट कशाने ओला होतोय हे कळेपर्यंत कार्पेटवर ऑइल सांडलेलं आणि केबिनभर धूर. तेव्हापासून माझ्या केबिनमध्ये ऑइल येत नाही. तुमच्या क्लस्टरच्या काट्यामागे नळीचं तोंड दिसलं तर तो मेकॅनिकल, स्क्रूचे खांब दिसले तर इलेक्ट्रिक.

टेंपरेचरचा सेंडर ड्रायव्हरच्या बाजूच्या सिलिंडर हेडमध्ये, पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या मधे असतो. जुन्या हेडला अर्ध्या इंचाचे पाइपचे आटे, नंतरच्यांना तीन अष्टमांश. इंजिन किंवा हेड कधी बदललंय का हे कळल्याशिवाय मागवू नका. तिथली गडद हिरवी वायर टेंपरेचरची. केशिकानळीचा, म्हणजे बारीक बंद नळीचा, मेकॅनिकल गेज घेणार असाल तर ती नळी मुरगळली किंवा कापली की गेज गेलाच, जोडता येत नाही.

बसवायच्या आधी सेंडर घरीच तपासा. चहाच्या भांड्यात पाणी उकळा, त्यात सेंडर दोरीने सोडा, त्याची बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा आणि काट्याला बारा व्होल्ट द्या. पण तुम्ही डेन्व्हरला आहात हे विसरू नका. समुद्रसपाटीपासून 5,280 फुटांवर पाणी 212 ला नाही, साधारण 203 फॅरनहाइटला उकळतं. काटा 203 दाखवत असेल तर तो बरोबर आहे, त्याला परत पाठवू नका. (ते भांडं नंतर चहाला वापरू नका, हे घरी सांगायला लागेल.)

हा फरक रस्त्यावरही कामाचा आहे. रेडिएटरची कॅप 15 पीएसआयची आणि धड असेल तर साधं पाणीही आत 245 च्या आसपास जाऊन उकळेल, कूलंट त्याच्याही वर. कॅपचं रबर गेलं असेल तर तुमच्याकडे 203 च्या पुढे काहीच आधार नाही. आय-70 हायवेवरून आयझेनहावर बोगद्याकडे चढताना, जवळजवळ 11,000 फुटांवर, आणखी कमी. दहा-वीस डॉलरची कॅप आधी बदला, मग काट्याला दोष द्या. 195 चा थर्मोस्टॅट (तेवढं तापल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) असेल तर सपाटीवर काटा त्याच्या आसपास आणि चढावर ट्रेलरसकट 210-215 दिसला तर घाबरू नका. 230 च्या पुढे गेला आणि जातच राहिला तर बाजूला घ्या. आणि एक फसवी गोष्ट: कूलंट गळून गेलं की सेंडर पाण्यात नसतो, नुसत्या वाफेत असतो, आणि काटा चक्क खाली येतो. चढावर तापलेला काटा अचानक उतरला तर आनंद मानू नका, थांबा.

आमच्या काकांची कराडला महिंद्रा जीप होती. पुण्याला जाताना खंबाटकी चढायला लागली की काका बोलणं बंद करायचे. एक डोळा वळणावर, एक टेंपरेचरच्या काट्यावर. वर पोचलो की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘पाणी बघ रे.’ बोनेट उघडायला धावायचं काम माझं. काट्यांचा नाद मला तिथून लागला असावा.

चार्जिंगसाठी अँमीटर की व्होल्टमीटर? निःसंशय व्होल्टमीटर. मूळच्या झेड53 मध्ये अँमीटर यायचा. जनरल मोटर्सने तो शहाणपणाने बनवला होता, सगळा करंट डॅशमधून न नेता बोनेटखालच्या वायरीच्या दोन टोकांमधला किंचित फरक मोजणारा, दोन बारीक फ्यूज लावलेल्या वायरींचा. पण त्याची मापं तेव्हाच्या 37 अँपिअरच्या आसपासच्या ऑल्टरनेटरला धरून होती. कुणी ऑल्टरनेटरची जाड वायर थेट बॅटरीला नेली की मोजायचा करंट त्या वाटेने जातच नाही, काटा मधे गोठतो. त्याच काळातल्या डॉज ट्रकमध्ये तर अख्खा करंट अँमीटरमधून आणि फायरवॉलच्या प्लगमधून जायचा, त्या जागा वितळलेल्या मी बघितल्यात. तुमच्या मित्राकडे डॉज असेल तर त्याला आजच सांगा. व्होल्टमीटरला काही लागत नाही: किल्ली चालू झाल्यावर मिळणारा सप्लाय आणि अर्थ. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी 12.6, चालू असताना 13.8 ते 14.5. काटा तेराच्या खाली राहिला तर चार्जिंग नाही, पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर (ऑल्टरनेटरचे व्होल्ट आवरणारा भाग) गेला. जनरल मोटर्सने स्वतःही 1976 पासून ट्रकमध्ये व्होल्टमीटरच द्यायला सुरुवात केली.

इथे तुमच्या गाडीतला खरा सापळा आहे. दिव्यांच्या डॅशवरचा ‘जेन’ हा दिवा नुसती सूचना देत नाही, तो ऑल्टरनेटरला जागं करायच्या सर्किटचा भाग आहे. किल्ली फिरवली की थोडा करंट त्या बल्बमधून ऑल्टरनेटरकडे जातो आणि चार्जिंग सुरू होतं. मूळच्या बाहेर रेग्युलेटर असलेल्या ऑल्टरनेटरमध्ये बल्बला समांतर रेझिस्टन्स वायर असल्याने निभावून जातं. पण बदललेला ऑल्टरनेटर बहुधा आत रेग्युलेटर असलेला, 1973 नंतरच्या प्रकारचा असेल. तो असेल आणि तुम्ही क्लस्टर बदलून ‘जेन’चा दिवा घालवलात तर गाडी सुरू होईल, चार्जिंग होणार नाही, आणि तुम्ही नव्या व्होल्टमीटरला शिव्या द्याल. त्या जागी एलईडी लावली तरी तेच, तिच्यातून पुरेसा करंट जात नाही. म्हणून ‘जेन’च्या दिव्याकडून ऑल्टरनेटरला जाणारी तपकिरी वायर थेट इग्निशनला जोडायची युक्तीही करू नका. मग किल्ली काढली तरी ऑल्टरनेटरच उलटा सप्लाय देतो आणि इंजिन चालूच राहतं. वायरीत एक साधा छोटा बल्ब ठेवा, डॅशखाली कुठेतरी, दिसला नाही तरी चालेल. मी तर दिसेल असाच ठेवतो.

टॅकोमीटरची सिग्नल वायर कॉइलच्या निगेटिव्हला, एचइआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा, डिस्ट्रिब्युटर बसवलेला असेल तर त्याच्यावर ‘टॅक’ लिहिलेल्या टोकाला. मागे आठ सिलिंडरचं सेटिंग असतं, ते बघा. ही वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर इंजिन जागीच बंद पडेल, कारण कॉइल सुटतच नाही, ठिणगी पडत नाही. म्हणून तिला एक्झॉस्टपासून आणि चोकच्या जोडणीपासून लांब न्या. आणि काट्यांचा बारा व्होल्ट कॉइलच्या पॉझिटिव्हवरून घेऊ नका. पॉइंटच्या (इलेक्ट्रॉनिक नसलेल्या जुन्या इग्निशनच्या) गाडीत तिथे रेझिस्टन्स वायरीतून कमी व्होल्ट येतात, सगळे काटे चुकीचं बोलतील. फ्यूज ब्लॉकवर ‘आयजीएन’ लिहिलेलं टोक आहे, तिथून घ्या, मधे तीन-पाच अँपिअरचा फ्यूज. काट्यांच्या उजेडासाठी डॅशच्या दिव्यांची राखाडी वायर पकडा, म्हणजे हेडलाइटच्या बटणाने नव्या काट्यांचा उजेडही मंद होईल. फायरवॉलमधून जाणाऱ्या प्रत्येक वायरीला रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं कडं. सगळ्या काट्यांची अर्थ एकत्र करून डॅशच्या खालच्या फ्रेमला, रंग खरवडून, आणि तिथून इंजिन ब्लॉकपर्यंत एक जाड पट्टी. रंगावर बांधलेली अर्थ म्हणजे अर्थच नाही.

क्लस्टर काढताना बॅटरीची निगेटिव्ह आधी, बाकी सगळं नंतर. हेडलाइटची मूठ ओढून निघत नाही. डॅशखाली हात घालून स्विचवरचं छोटं बटण दाबलं की दांडा सुटतो. स्टिअरिंगच्या कॉलमवर जुनं टॉवेल टाका. मागच्या प्रिंटेड सर्किटवर हिरवट डाग असतील तर शाळेतल्या खोडरबराने पुसा. सँडपेपर लावलात तर तांबंच निघून येईल.

गिअरच्या ऑइलचं टेंपरेचर तुम्ही यादीत लिहिलेलं नाही. ऑटोमॅटिक गिअर आणि ट्रेलर ही जोडी असेल तर आरपीएमच्या आधी मी तो काटा लावेन. टॅकोमीटर दिसायला रुबाबदार आहे, पण ऑटोमॅटिकमध्ये त्याचं काम थोडं. चढावर गिअरबॉक्स मात्र न बोलता शिजत असतो.

व्हॅक्यूम गेजचंही (इंजिन हवा किती ओढतंय ते दाखवणारा काटा) सांगून ठेवतो. नुसता रबरी होज इनटेक मॅनिफोल्डला जोडायचा, वायर नाही काही नाही. समुद्रसपाटीवर धड इंजिन आयडलला पाऱ्याचे 18 ते 20 इंच दाखवतं, आणि उंचीच्या दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. डेन्व्हरला 13-15 दिसले की लोक व्हॉल्व्ह गेले म्हणून इंजिन उघडायला निघतात. तुम्ही निघू नका.

फोर्डवाल्या मित्राबद्दल एका ओळीत: एफ-100 चे पेट्रोल, ऑइल आणि टेंपरेचरचे काटे बारा व्होल्टवर चालत नाहीत. मागे एक छोटा रेग्युलेटर सप्लाय चालू-बंद करून सरासरी पाच व्होल्टच्या आसपास देतो. तुमचा धडा तिथे गिरवून थेट बारा दिलेत तर काटे जळतील. त्याचे तिन्ही काटे एकदम खुळ्यासारखे वागत असतील तर तो रेग्युलेटर बघायला सांगा.

आणि शेवटचं तुम्ही विचारलेलं, किलोमीटरचं, म्हणजे मैलांचं. जुना क्लस्टर घेतलात तर त्यातला स्पीडोमीटर दुसऱ्याच कुठल्या ट्रकचे मैल दाखवत असणार. तुमचा स्वतःचा स्पीडोमीटर स्क्रू काढून नव्या घरात बसवा, आकडा आपसूक तोच राहतो. तो बंद पडलेला असेल आणि जुना आकडा नव्यावर आणता येत नसेल, तर अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे शून्यावर आणून ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर आधीचे मैल आणि बदलल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी लागते. काम सुरू करायच्या आधी जुन्या आकड्याचा एक फोटो काढून ठेवा. आणि ग्लोव्हबॉक्समधल्या स्टिकरचाही. तो मला पाठवा, झेड53 निघाला तर अर्धं काम वाचेल.